२६ आठवड्यांच्या पुढचा महिना

राज्य कामगार विम्यात, म्हणजे आपल्या ईएसआयमध्ये, बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची असते हे एमआयडीसीत काम करणाऱ्या बहुतेक बायकांना आता माहीत आहे. त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात, रजेत रोजच्या सरासरी पगाराइतके पैसे मिळतात, हेही माहीत असतं. पण बाळंतपणातून एखादा आजार उद्भवला तर याच रजेला पुढे एका महिन्यापर्यंत मुदतवाढ मिळते आणि त्या महिन्याचे पैसेही पूर्ण दराने मिळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीत नाही, दवाखान्यात नाही. माझ्या आधी रजा घेऊन परत आलेल्या मैत्रिणींनाही याचा पत्ता नव्हता. मला तो महिना मिळाला. तो मिळवताना कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते नीट लिहून ठेवते. कुणाच्या तरी घरी ते आज ना उद्या लागेल.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंग युनिटमध्ये तपासणीचं काम करते. पगार सोळा हजाराच्या घरात. त्यातून महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे १२० रुपये ईएसआयचे कापले जातात आणि कंपनी तिच्याकडून सव्वातीन टक्के, म्हणजे ५२० रुपये भरते. पगार २१ हजारापर्यंत असलेल्या कामगारांना ही योजना लागू आहे. हे आकडे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे खिडकीवर उभं राहताना ते मला उपयोगी पडले. आपण फुकट काही मागत नाही, आपला हप्ता भरलेला आहे, हे मनात पक्कं असलं की आवाज खाली जात नाही.

डिसेंबरच्या शेवटी मुलगी झाली, सिझेरियनने. चार आठवड्यांची रजा मी आधी घेतली होती, त्यामुळे बाळंतपणानंतर साधारण पाच महिने उरले होते आणि रजा मे अखेरीस संपणार होती. चार महिने सगळं ठीक चाललं. मग मेच्या सुरुवातीला मला दम लागायला लागला. न्हाणीघरातून खोलीपर्यंत आलं की बसावं लागे. रात्री आडवं झालं की खोकला यायचा, उठून भिंतीला टेकलं की थांबायचा. पावलांवर बोट दाबलं की खळगा पडून तसाच राहायचा. आई तेव्हा आमच्याकडेच होती. ती म्हणाली, "अवो, बाळंतीण आहेस तू. दम लागतेच. मले नव्हता लागत का तुमच्या तिघांच्या वेळी?" सासूबाईंनी डिंकाचे लाडू पुन्हा सुरू केले. दोघींचीही माया खरी होती. आपल्याकडे बाळंतिणीचा अशक्तपणा इतका गृहीत धरलेला असतो की त्याच्या आड दुसरं काही असू शकतं हे घरात कुणाच्या मनातच येत नाही.

ओळखलं ते ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी. मी खरं तर मुलीच्या अंगावर पुरळ आलं म्हणून तिला घेऊन गेले होते. मॅडमनी मुलीला पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही एवढ्या धापा का टाकताय?" नाडी पाहिली, छाती तपासली आणि लगेच चिठ्ठी दिली. सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात ईसीजी आणि छातीचा एक्स-रे झाला. तिथून त्यांच्या यादीतल्या हृदयरोगाच्या रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीवर पाठवलं असल्यामुळे तिथे पैसे भरावे लागले नाहीत. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून थोडं जास्त रक्त बाहेर टाकतं. माझं ३० टक्केच टाकत होतं.

आजाराचं नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपथी. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने, या काळात दुसरं कुठलंही कारण नसताना हृदयाचा स्नायू दुबळा पडतो, तो हा आजार. डॉक्टर म्हणाले, वेळेत औषध सुरू झालं तर बऱ्याच बायकांचं हृदय पुढच्या काही महिन्यांत सावरतं. उशीर झाला तर मात्र जीवावर बेततं. मला काही दिवस भरती करून घेतलं. औषधांमुळे अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. ते मला आजारापेक्षा जड गेलं. त्यावर अजूनही मला लिहिता येत नाही.

घरी सोडताना दिवसाला दीड लिटरच पाणी प्यायचं, मीठ कमी, अशी ताकीद मिळाली. नागपुरातला मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा, आणि दीड लिटर पाणी! आईने एका बाटलीवर नेलपॉलिशने रेघा ओढल्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, रात्रीची रेघ. चहा, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. पन्ह्यात मीठ म्हणून पन्हं बंद, लोणचं बंद, पापड बंद. कूलरच्या वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी टपकत असायचं आणि मी ते पाहत ओठ ओले करून बसायची. रोज सकाळी वजन करायचं आणि दोन दिवसांत ते एकदम वाढलं तर कळवायचं, कारण वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. अशा अवस्थेत महिनाअखेरीस कामावर उभं राहणं शक्यच नव्हतं. आमच्या कामात आठ तास कन्व्हेयरपाशी उभं राहावं लागतं.

कंपनीतून फोन आला. रजा संपते आहे, रुजू व्हा, नाहीतर बिनपगारी रजेचा अर्ज द्या. मी आजाराचं सांगितलं तर समोरून आणखी एक सल्ला आला: सरळ राजीनामा द्या, बरं वाटलं की परत घेऊ. आपुलकीनेच दिला असेल. पण या सल्ल्याबद्दल मला सगळ्यांना बजावून सांगायचं आहे. अशा वेळी राजीनामा देऊ नका. ईएसआयमध्ये उपचार चालू राहतात ते तुमची वर्गणी भरली जात असते म्हणून, किंवा तुम्ही आजारपणाच्या वा मातृत्वाच्या लाभाला पात्र असता म्हणून. नोकरी सुटली की ही पात्रता फार काळ टिकत नाही आणि धागा तुटतो, तोही नेमका इको आणि महागड्या गोळ्यांची गरज असताना. मातृत्व लाभ घेत असलेल्या बाईला त्या काळात कामावरून काढता येत नाही, हे कायद्याने दिलेलं संरक्षण आहे. आपणच राजीनामा लिहून दिला तर ते संरक्षण आपल्याच सहीने जातं.

मुदतवाढीची गोष्ट कळली ती अगदी आडवाटेने. आमच्या युनिटमधल्या एका दादांना अपघातानंतर ईएसआयच्या शाखा कार्यालयात बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या होत्या. ते ह्यांना म्हणाले, "वहिनीचा आजार बाळंतपणातूनच निघाला ना? मग विचारून तर पाहा, त्याचं काहीतरी वेगळं असतं." एवढंच. नियम त्यांनाही ठाऊक नव्हता.

माझे यजमान दवाखान्याचं सर्टिफिकेट घेऊन शाखा कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने ते आजारपणाच्या लाभात घेतो असं सांगितलं. तो लाभही काही कमी नाही. वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पण तो मिळतो पगाराच्या ७० टक्के दराने. माझ्या पगारावर महिन्याला साडेचार-पाच हजारांचा फरक पडत होता. दुधाचा डबा, रिक्षा आणि आईचं येणं-जाणं त्यातूनच भागायचं होतं. शिवाय हे ९१ दिवस पुढच्या गरजेसाठी हातात राहिले तर बरं, हाही हिशोब होता. ह्यांनी बाळंतपणाच्या मुदतवाढीचं विचारलं तर उत्तर आलं, "बाळंतपण होऊन पाच महिने झाले भाऊ, आता कसला बाळंतपणाचा आजार?"

पुढच्या वेळी मी स्वतः गेले. लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीपर्यंत, तिथून रिक्षा. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट आहे म्हणून ते जमलं, तेव्हा मला एक जिनासुद्धा चढवत नव्हता. खिडकीवर पुन्हा तेच उत्तर मिळालं. मी सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटायचं म्हटलं. हे पद प्रत्येकाने लक्षात ठेवावं. खिडकीवर काम अडलं की याच अधिकाऱ्याकडे जायचं असतं. त्या दिवशी तिथे एक बाई होत्या. त्यांनी सगळे कागद पंख्याखालून बाजूला घेऊन एकेक उलटून पाहिले. मग नियमांचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण किंवा गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिना आणखी. नियम अगदी स्वच्छ लिहिलेला आहे. मग त्यांनी माझं सर्टिफिकेट उलटं करून दाखवलं. "यावर नुसतं हृदयाचा आजार लिहिलंय ताई. आजार प्रसूतीतून उद्भवला, हे डॉक्टरांनी लिहायला पाहिजे. ते असेल तर मी अडवूच शकत नाही."

सगळं घोडं इथेच अडलं होतं. माझ्या हातातला रुग्णालयाचा डिस्चार्ज कार्ड त्या आजाराचं पूर्ण नाव सांगत होता, पण पैसे मिळतात ते ईएसआयच्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटवर. खाजगी किंवा यादीतल्या रुग्णालयाचा कागद फक्त आधाराला जोडता येतो. मी हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन त्यांच्याकडून चार ओळींचं पत्र घेतलं: आजाराचं नाव, प्रसूतीची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, आणि हा आजार प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत होतो व तो प्रसूतीशी निगडित आहे. ते पत्र आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन दवाखान्यातल्या मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही वाचलं, मला पुन्हा तपासलं आणि सर्टिफिकेटवर ते वाक्य लिहिलं. त्या म्हणाल्या, "हे मागायला कोणी येतच नाही हो. टाके पिकलेल्या येतात, रक्तदाब वाढलेल्या येतात, सगळ्या बिनपगारी घरी बसतात."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. नियम पुस्तकात आहे, पैसे बायकांच्याच वर्गणीचे आहेत, आणि ज्यांच्यासाठी नियम केला त्यांच्यापर्यंत तो पोचवायची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही.

पुढचे कागद थोडक्यात सांगते. सर्टिफिकेटं थोड्या थोड्या दिवसांची मिळतात आणि त्यांच्या तारखा सलग लागतात, मध्ये खंड पडला की तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. या काळात पगारी काम केलं नाही असं दावा अर्जात लिहून द्यावं लागतं. बँकेचं पासबुक जोडायचं. माझं विमा कार्ड माहेरच्या नावाचं आणि बँक खातं सासरच्या नावाचं होतं, त्यामुळे पैसे थांबले. विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि कंपनीचं पत्र दिल्यावर नाव बदललं. लग्नानंतर रुजू झालेल्यांना हा त्रास होत नाही, पण लग्नाआधीपासून नोकरी असलेल्या जवळपास प्रत्येकीचं हे घोंगडं भिजत पडलेलं असतं. मुलीचं नाव कार्डावर चढवायला महापालिकेचा जन्मदाखला लागतो. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झालीच पाहिजे. नाव नंतर एका वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं.

शाखा कार्यालयाच्या बाकावर वाट पाहताना मला आमच्या आजेसासूबाईंची आठवण यायची. त्या एम्प्रेस मिलमध्ये सुताच्या खात्यात होत्या. मिलच्या भोंग्याच्या गोष्टी सांगायच्या. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि ईएसआय इथे १९५४ सालीच आली, म्हणजे देशात कानपूर आणि दिल्लीला सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी. बाळंतिणीला पगारी विश्रांती हवी हा विचार तर त्याहून जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला, आणि १९३० साली आपल्या मध्य प्रांतात. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अदारकरांकडे दिलं गेलं. १९४८ चा ईएसआय कायदा त्या अहवालावर उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढ्या आधी विचार करून ठेवलेली गोष्ट आपण मागायला लाजायचं कशाला?

पण मला सारखी टोचत राहिली ती दुसरीच गोष्ट. आमच्या मुलीला मालिश करायला ज्या काकू येतात, त्यांची लेक माझ्याच महिन्यात बाळंत झाली. ती चार घरची धुणीभांडी करते, तिला ईएसआय नाही. तिच्यासाठी सरकारचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. २०११ पासूनचा, खरोखर चांगला. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत. मात्र आईसाठी तो बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत. आपल्याकडच्या सव्वा महिन्याइतकाच म्हणा ना. माझा आजार निघाला तो चार महिन्यांनंतर. त्या लेकीला हेच झालं असतं तर? आता महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, भरती व्हायची वेळ आली तर तिचा आधार मिळाला असता. पण ती योजना मुख्यतः भरती झाल्यावरची. दम लागतोय म्हणून आधी कुणाला तरी दाखवणं, मग इको, मग महिनोनमहिने रोजच्या गोळ्या, आणि त्या काळात बुडालेली मजुरी? ती जिथे काम करते त्या चार घरच्या बाया तिला पगारी सुट्टी देणार नाहीत.

या आजाराबद्दल वाचताना अमेरिकेतली एक गोष्ट समजली. तिथे गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यात बाळंतिणीचं संरक्षण बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपू शकायचं. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते बारा महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ते वाढवलं. कारण तेच, बाळंतपणाशी जोडलेले कितीतरी मृत्यू दोन महिन्यांनंतर होतात. आपल्याकडेही आईसाठीचे ते ४२ दिवस वर्षापर्यंत न्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं. आजारी तान्ह्या बाळासाठी आपण ती मुदत ३० दिवसांवरून एक वर्षावर नेलीच आहे. मग बाळाच्या आईने काय केलं?

माझे पैसे जूनच्या शेवटी खात्यात आले, पूर्ण महिन्याचे, पूर्ण दराने. त्या अधिकारी बाईंना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत अजून कोणी असेल तर पाठवा." जुलैत डॉक्टरांनी बसून करायच्या कामाला परवानगी दिली. कंपनीने टेबलावरची तपासणी दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पगारातून १२० रुपये पुन्हा कापले जायला लागले आणि गोळ्या त्याच दवाखान्यातून मिळत राहिल्या. ऑगस्टच्या इकोत आकडा ४५ वर आला. पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवायचं नाही, कारण हा आजार पुन्हा उलटू शकतो, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं.

आमच्या पॅकिंगमधली एक जण दिवाळीच्या सुमारास रजेवर जाणार आहे. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिचं विमा कार्ड पाहिलं. नाव माहेरचंच होतं. आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून तिचा अर्ज एचआरकडे दिला आहे, आणि त्या नियमाची प्रत खात्याच्या फलकावर लावायची परवानगी मी मागितली आहे.